भाच्याचं कार्ड आणि ३२ केबीचा हिशोब: हातातल्या यंत्रांसाठी मेमरी कार्ड फॉरमॅट करताना

भाचा दारातूनच म्हणाला, "मावशी, ओरडणार नसशील तर सांगतो." हातात त्याचा गेमचा छोटा कन्सोल होता. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि पडदा काळाच्या काळा. त्याने केलं होतं एवढंच: नवीन गेम टाकायला कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, विंडोजने विचारलं की ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? त्याने "हो" म्हटलं. विचारलं म्हणून उत्तर दिलं, त्याचं तरी काय चुकलं?

झालं असं की त्या कार्डावर एक नाही, तीन पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे पाडलेले भाग, होते. एक छोटं, कन्सोल सुरू करणारं. दुसरं लिनक्सचं, ईएक्सटी४ पद्धतीचं (पद्धत म्हणजे फाइली मांडून ठेवायची रीत), ज्यात सगळी सिस्टिम होती. तिसऱ्यात गेम. विंडोजला ईएक्सटी४ आपणहून वाचता येत नाही. आणि विंडोजची खोड अशी की जे वाचता येत नाही ते रिकामंच आहे असं धरून चालायचं. सिस्टिमची इमेज पुन्हा चढवता आली, गेमही परत टाकले. पण सेव्ह फाइली सिस्टिमच्याच पार्टिशनमध्ये होत्या, त्यामुळे त्याचे चार महिन्यांचे सेव्ह गेले ते गेलेच. त्याचं तोंड अजून आठवतं.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. मी लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करते आणि त्या उतरवून काढते. पण चौदा-पंधरा वर्षं हातातला रेकॉर्डर, कॅमेरा, आईचा गाणी ऐकायचा प्लेअर आणि आता हा कन्सोल, एवढ्यांची कार्डं माझ्याच ड्रॉवरमध्ये येऊन पडतात. त्यात हात पोळून जे शिकले ते इथे लिहितेय. त्या दिवशी भाच्याला शेजारी बसवून जे केलं, साधारण त्याच क्रमाने.

फॉरमॅटच्या आधी

पहिलं काम, कार्डाची इमेज काढणं. फोल्डर कॉपी करणं नव्हे. कॉपी केलं तर दिसणाऱ्या फाइली येतात, न दिसणारी पार्टिशनं येत नाहीत. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर, लिनक्स किंवा मॅकवर डीडी, कशानेही अख्खं कार्ड पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे कार्डाचा सगळ्यात बारका तुकडा) शेवटच्यापर्यंत एका फाइलमध्ये उतरवून ठेवायचं. यंत्रासोबत आलेल्या कार्डाची तर पहिल्याच दिवशी काढावी. आणि विंडोजने वर सांगितलेला प्रश्न विचारला तर "कॅन्सल". एका कार्डावर तीन पार्टिशन असली तर तो प्रश्न दोनदाही येतो, दोन्ही वेळा "कॅन्सल".

दुसरं, कार्ड खरं आहे का ते बघायचं. नवीन कार्ड आणलं की मी ते फॉरमॅटच्या भानगडीत पडण्याआधी तपासते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोघांचं काम सारखंच: कार्ड गच्च भरेपर्यंत ओळखीचा डेटा लिहायचा आणि परत वाचून ताडून बघायचा. खोट्या कार्डात आतला कंट्रोलर १२८ जीबी म्हणून सांगतो आणि चिप असते ८ किंवा १६ची. त्या मर्यादेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढचं लिहिलेलं हवेत जातं. अशा कार्डाला कितीही वेळा, कुठल्याही सेटिंगने फॉरमॅट मारा, ते सुधारत नाही. मात्र ६४ जीबीच्या कार्डावर ५९.६ दिसलं म्हणून घाबरू नका. बनवणारा १०००च्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या, त्यातला तो फरक आहे. १२८चं ११९ दिसतं, ३२चं २९.८.

यंत्राच्या मेनूत "फॉरमॅट" आहे का?

असेल तर निम्म्याहून जास्त लेख वाचायची गरज नाही. कॅमेरा, रेकॉर्डर, डॅशकॅम यांच्यात तो पर्याय असतोच. कार्ड त्यात घाला, त्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा, विषय संपला. यंत्राला कुठली पद्धत हवी, क्लस्टर (फाइलीला जागा द्यायचं माप, पुढे सांगते) केवढा हवा, फोल्डर कोणते लागतात, हे त्याचं त्याला माहीत असतं.

हे मी हेक्याने मोडलं होतं. लॅपटॉप समोरच उघडा होता, म्हणून रेकॉर्डरचं ३२ जीबीचं कार्ड तिथेच पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलाखतीत विसाव्या मिनिटाला पडद्यावर "कार्ड स्लो" आलं आणि रेकॉर्डिंग थांबलं. तेच कार्ड, आदल्या आठवड्यात नीट चालणारं. घरी येऊन रेकॉर्डरमधून फॉरमॅट केलं, पुन्हा ठीक.

मला सापडलेलं कारण असं. कार्डाच्या आतली फ्लॅश मेमरी छोट्या छोट्या तुकड्यांत पुसता येत नाही, ती मोठ्या ठोकळ्यांत पुसली जाते. म्हणून एसडी कार्डांच्या नियमात पार्टिशन कुठून सुरू व्हावं तेही ठरलेलं आहे: ४ ते ३२ जीबीच्या कार्डात ४ एमबीच्या हद्दीवर, ६४ ते १२८च्या कार्डात १६ एमबीच्या. क्लस्टर त्या ठोकळ्यांशी ओळीत बसले तर लिहिणं सरळ होतं. कसंतरी फॉरमॅट केलं की एकेक क्लस्टर दोन ठोकळ्यांवर अर्धा-अर्धा पडतो आणि कार्डाला एका कामासाठी दोन कामं करावी लागतात. फोटोत हे जाणवत नाही. सलग रेकॉर्डिंगमध्ये जाणवतं.

यंत्रात फॉरमॅटची सोय नसेल आणि खास काही गरजही नसेल, तर एसडी असोसिएशनचं स्वतःचं फुकट मिळणारं "एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर" वापरा. ते या हद्दी पाळतं. फक्त त्यात निवड अशी काही नाही. कार्डाचं माप बघून पद्धत तेच ठरवतं, क्लस्टरही तेच ठरवतं. यापेक्षा वेगळं हवं असेल तरच पुढचं सगळं.

फॅट३२ की एक्सफॅट

एसडी कार्डाची कुटुंबं मापावरून पडतात. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, त्यावर फॅट१६. त्याच्या पुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, फॅट३२. त्याच्या पुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी, एक्सफॅट. कार्डावर ही अक्षरं बारीक छापलेली असतात. भाच्याला भिंगातून दाखवली तेव्हा कुठे त्याला पटलं की ती नुसती नक्षी नाही.

यातली २ जीबीची रेघ पक्की आहे आणि ३२ची कच्ची, हे नीट समजून घ्या. साधं एसडी कार्ड पत्ता बाइटमध्ये घेतं, एसडीएचसी ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये घेतं. म्हणजे एसडीएचसीच्या आधीच्या काळातल्या यंत्रात ४ जीबीचं कार्ड घातलं तर दोघांची भाषाच जुळत नाही, फॉरमॅट कुठलाही करा. ३२च्या रेघेवर असं काही नाही. एसडीएचसी आणि एसडीएक्ससी दोघांचा पत्ता सांगायचा प्रकार एकच आहे. बऱ्याचदा अडतं ते एवढ्यावरच की ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं आणि जुन्या यंत्राला एक्सफॅट वाचता येत नाही. तेच कार्ड फॅट३२ केलं की अनेक यंत्रं मुकाट्याने घेतात. निन्टेन्डो ३डीएसचं उदाहरण प्रसिद्ध आहे: कंपनी ३२ जीबीपर्यंतच म्हणते, लोक फॅट३२ केलेली ६४ आणि १२८ची कार्डं वापरतात. सगळीच यंत्रं घेतील असं नाही, पण करून बघण्यात धोका काही नाही, कार्ड रिकामं असलं म्हणजे झालं.

मग एक्सफॅट कशाला? ४ जीबीसाठी. फॅट३२मध्ये फाइलचं माप ३२ बिटांत लिहिलेलं असतं, त्यामुळे एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, याच्या वर जाऊ शकत नाही. कार्डावर ५० जीबी मोकळे असतील आणि साडेचार जीबीचा सिनेमा टाकायला गेलात तर "जागा नाही" किंवा "फाइल फार मोठी" असं उत्तर येतं आणि माणूस चक्रावतो. एक्सफॅटला ही अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने ते २००६मध्ये आणलं, पण त्याचा तपशील २०१९मध्ये जाहीर केला. मधल्या काळातल्या बऱ्याच स्वस्त यंत्रांत ते नसतं त्याचं हेही एक कारण.

इथे माझ्यासारख्या रेकॉर्डिंगवाल्यांसाठी एक खोच आहे. मला वाटायचं एक्सफॅट केलं की लांब मुलाखत एका फाइलमध्ये येईल. आलीच नाही. कारण रेकॉर्डर आवाज साठवतो त्या डब्ल्यूएव्ही फाइलच्या डोक्यावर जे माप लिहितात तेही ३२ बिटांचंच असतं. म्हणजे कार्डाची पद्धत कुठलीही असो, साधी डब्ल्यूएव्ही ४ जीबीला थांबणार, आणि पुष्कळ रेकॉर्डर जास्तीची काळजी घेऊन २ जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ म्हणजे सेकंदाला ४८,००० गुणिले ३ गुणिले २, म्हणजे २,८८,००० बाइट. ४ जीबीला ४ तास ८ मिनिटं मिळतात, २ जीबीला २ तास ४ मिनिटं. माझ्या फाइली नेमक्या दोन तास चार मिनिटांवर का तुटतात हे कोडं त्या दिवशी कागदावर सुटलं. तेव्हापासून रेकॉर्डरचं कार्ड फॅट३२च ठेवते. एक्सफॅटने मला देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

दोन्हींत एक कमजोरी सारखी आहे: जर्नल नाही. लिहिता लिहिता बॅटरी गेली किंवा कार्ड उपसलं तर अर्धवट काय राहिलं याची नोंद कुठेच नसते. फॅट३२ निदान कुठली फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं. एक्सफॅट सहसा एकच ठेवतं. बटणावर बंद होणाऱ्या, बॅटरीचा भरवसा नसलेल्या यंत्रात चालत असेल तर फॅट३२ बरं, असं माझं मत झालंय. मोठ्या फाइलींची खरोखर गरज असेल तरच एक्सफॅट.

आणखी दोन प्रकार भेटतात. स्टीम डेक हा हातातला गेम कन्सोल कार्ड स्वतःच ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट करतो, त्यात ढवळाढवळ करू नका. अँड्रॉइड फोनमध्ये ६.०पासून कार्ड फोनच्या आतल्या जागेत मिळवून घ्यायचा पर्याय आला. तो निवडला की कार्ड त्या फोनच्या किल्लीने एन्क्रिप्ट होतं आणि दुसरीकडे कुठेच वाचलं जात नाही. फोन मेला की कार्डही मेलं. फोटो कार्डावर ठेवायचे असतील तर "पोर्टेबल" घ्या.

क्लस्टर, म्हणजे खरा हिशोब

फॉरमॅटच्या खिडकीत "अलोकेशन युनिट साइझ" म्हणून एक यादी असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हते. भाच्याच्या कार्डाने बघायला लावलं.

वही समजा. नियम असा की प्रत्येक फाइल नव्या पानावर सुरू करायची आणि पान अर्धवट राहिलं तरी त्यावर दुसरी फाइल लिहायची नाही. पान म्हणजे क्लस्टर. पान केवढं ठेवायचं ते फॉरमॅट करताना एकदाच ठरतं, नंतर सगळं पुसल्याशिवाय बदलत नाही. आणि वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, प्रत्येक पानाला एक ओळ. ती म्हणजे फॅट, ज्यावरून या पद्धतीला नाव पडलं.

आता भाच्याचं कार्ड. प्रत्येक गेममागे एक छोटं चित्र, एक माहितीची फाइल, आणखी दोन-तीन बारक्या फाइली. सगळ्या मिळून ९,४०० फाइली निघाल्या, बहुतेक दोन-तीन केबीच्या. कार्ड ६४ जीबीचं, एक्सफॅट, विंडोजच्या ठरीव सेटिंगने म्हणजे १२८ केबीच्या क्लस्टरचं. त्या फोल्डरवर उजवं बटण दाबून "प्रॉपर्टीज" उघडलं. "साइझ" समोर २४ एमबी. त्याखाली "साइझ ऑन डिस्क" समोर १.१५ जीबी. भाचा म्हणाला, "मावशी, हे चुकलंय." चुकलं नव्हतं. ९,४०० पानं, प्रत्येक १२८ केबीचं, करा गुणाकार. २४ एमबीच्या ऐवजाने एक जीबीहून जास्त जागा अडवून ठेवली होती. तेच ३२ केबीच्या पानावर २९४ एमबी होतं आणि ४ केबीच्या पानावर अवघं ३७.

मग सगळीकडे ४ केबीच का नको? कारण अनुक्रमणिका. फॅट३२मध्ये दर क्लस्टरमागे ४ बाइटची नोंद असते. क्लस्टर ४ केबीचा असेल तर कार्डाच्या दर जीबीमागे साधारण १ एमबी तक्ता. ६४च्या कार्डावर जवळपास ६० एमबी, आणि त्याच्या दोन प्रती. लॅपटॉपला याचं काहीच नाही. पण हातातल्या यंत्राचा प्रोसेसर बारका, मेमरी तुटपुंजी. मोकळी जागा किती हे मोजायला त्याला तो तक्ता वाचत बसावं लागलं तर सुरू व्हायलाच वेळ लागतो. मोठी फाइल वाचतानाही दर ४ केबीला "पुढचं पान कुठलं" म्हणून तक्त्याकडे धावायचं. ३२ केबी केलं की तोच तक्ता साडेसात एमबीवर येतो.

मी हे करूनही बघितलं, कारण भाच्याला नुसत्या बोलण्यावर विश्वास नव्हता. एक नवीन कार्ड, तेच गेम, आधी ४ केबी आणि मग ३२ केबी, दोन्ही फॅट३२. ४ केबीला गेमची यादी यायला इतका वेळ लागला की तो मध्ये उठून पाणी पिऊन आला. ३२ केबीला तो उठेपर्यंत यादी हजर. सेकंद मोजले नाहीत, मोजायला हवे होते.

तेव्हा माझं चालतं ते असं. फॅट३२ असेल तर ३२ केबी. लहान फाइलींचा खूप पसारा असला तरी ३२च, कारण ३०० एमबी ६४ जीबीच्या कार्डावर खुपत नाहीत. ८ किंवा १६ जीबीचं जुनं कार्ड असेल आणि त्यावर पुस्तकं किंवा नुसता मजकूर असेल, तर तेवढ्यापुरतं खाली उतरून ८ केबी घ्यायला हरकत नाही. १२८ जीबी फॅट३२ करायचं असेल तर ६४ केबी. त्याच्या वर फॅट३२ जात नाही: एका क्लस्टरमध्ये जास्तीत जास्त १२८ सेक्टर, सेक्टर ५१२ बाइटचा, झाले ६४ केबी. मात्र काही फार जुनी यंत्रं ३२ केबीच्या पुढे गडबडतात, तिथे १२८च्या कार्डाचा हट्ट सोडा आणि लहान कार्ड घ्या.

एक्सफॅट असेल तर कॅमेऱ्याचे आणि व्हिडिओचे कार्ड १२८ केबीवरच राहू द्यावे, तिथे फाइली मोठ्या असतात, शेवटचं अर्धं पान वाया गेलं तर कोण रडतंय. गेमचं किंवा पुस्तकांचं कार्ड एक्सफॅटच हवं असेल तर ३२ केबी.

आणि "डीफॉल्ट" म्हणून जे येतं त्यावर डोळे मिटून विसंबू नका. विंडोज फॅट३२ला ८ जीबीपर्यंत ४ केबी देतं, १६पर्यंत ८, ३२पर्यंत १६. ही मापं कॉम्प्युटरच्या सोयीची आहेत.

प्रत्यक्ष फॉरमॅट

आधी लॅपटॉपला लावलेलं बाकी सगळं काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, फोनची वायर, सगळं. मी एकदा ई आणि एफ यांत गल्लत करून वर्षभराच्या उतरवलेल्या मुलाखतींची डिस्क पुसली आहे. आता नुसतं ड्राइव्हचं अक्षर बघत नाही, माप बघते. ६४चं कार्ड पुसायचंय आणि समोर ९३१ जीबी दिसतंय, की हात थांबतो.

बारकं कार्ड ज्यात घालून लॅपटॉपला लावतो त्या ॲडॉप्टरच्या कडेला "लॉक"ची छोटी पट्टी असते. कार्ड लिहून घेत नसेल तर आधी ती बघा. गंमत म्हणजे ती पट्टी कार्डाच्या आत काहीच करत नाही. ती कुठे आहे ते रीडर बघतो आणि मानायचं की नाही ते तोच ठरवतो. पट्टी सैल झाली की चांगलं कार्ड उगाच बंदिस्त होतं. छोट्या चिकटपट्टीने वर धरून ठेवली की चालतं.

कार्डावर आधीची सिस्टिम असेल आणि तीन-तीन पार्टिशन असतील, तर नुसत्या फॉरमॅटने दिसणारा एकच तुकडा फॉरमॅट होतो. ६४चं कार्ड २ जीबीचं झालं म्हणून लोक टाकून देतात ते यामुळे. विंडोजवर डिस्कपार्ट नावाच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनात "क्लीन" ही आज्ञा अख्खं कार्ड कोरं करते. पुन्हा सांगते, कुठली डिस्क निवडली आहे ते माप बघून खात्री करा, ती आज्ञा दुसऱ्यांदा विचारत नाही. मग एकच पार्टिशन करा आणि कार्डाच्या विभागणीचा प्रकार एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड, जुनी रीत) ठेवा, जीपीटी (नवी रीत) नको. हातातल्या यंत्रांपैकी कित्येकांना जीपीटी कळत नाही. मॅकवाले इथे फसतात: डिस्क युटिलिटीत आधी "सगळी उपकरणं दाखवा" करून, पार्टिशनवर नव्हे तर वरच्या मूळ कार्डावर टिचकी मारली तरच "मास्टर बूट रेकॉर्ड" निवडायची जागा दिसते.

३२ जीबीच्या वरचं कार्ड फॅट३२ करायला विंडोजची नेहमीची खिडकी वर्षानुवर्षं पर्यायच दाखवत नव्हती. तो विंडोजने घालून घेतलेला निर्बंध आहे, फॅट३२चा नाही. रूफस किंवा फॅट३२ फॉरमॅट नावाचं छोटं साधन वापरा, दोन्हींत क्लस्टर निवडता येतो. मॅकवर "एमएस-डॉस फॅट" घ्या. लिनक्सवर फॅटच्या फॉरमॅटच्या आज्ञेत क्लस्टर सेक्टरमध्ये सांगतात, म्हणून ३२ केबीसाठी आकडा ६४ लिहायचा. मी पहिल्यांदा ३२ लिहून १६ केबी करून बसले होते.

"क्विक फॉरमॅट"ची खूण असू द्या. त्यात फक्त सुरुवातीची पानं, अनुक्रमणिका आणि मूळ फोल्डर नव्याने लिहिले जातात. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून अख्ख्या कार्डावर शून्यं लिहितं. सेकंदाला २० एमबी वेगाच्या कार्डावर ६४ जीबीला पाऊण तास सहज उलटून जातो आणि कार्डाची एक फेरी फुकट झिजते. कार्ड कोणाला देऊन टाकायचं असेल तेव्हा मात्र पूर्ण करा, कारण क्विकनंतर जुन्या फाइली परत काढता येतात.

लेबल इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अकराच्या आत. मी यंत्राचं नाव आणि वर्ष घालते.

फाइली परत टाकताना

आईच्या प्लेअरने मला हे शिकवलं. तिची गाणी ०१, ०२, ०३ अशी नावं देऊन टाकली, तरी प्लेअर आधी ०७ वाजवायचा, मग ०२. साध्या प्लेअरला नावाप्रमाणे क्रम लावता येत नाही. फोल्डरमध्ये नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने तो वाचत जातो. एका झटक्यात सगळ्या ओढून टाकल्या की कॉम्प्युटर आपल्या मर्जीने नोंदी करतो. तेव्हा कोऱ्या कार्डावर एकेक करून टाका, नाहीतर फॅटसॉर्ट नावाचं साधन नंतर नोंदींचा क्रम लावून देतं. आई म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा रेडिओ बरा होता."

मराठीत नावं द्यायची हौस मला आहे, पण त्याची किंमत माहीत असू द्या. फॅट३२ लांब नाव १३-१३ चिन्हांच्या तुकड्यांत, शिवाय एक जुन्या धाटणीची नोंद, असं साठवतं. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "क्ष" आपल्याला एक अक्षर वाटतं, त्याच्या लेखी तीन. "मुलाखत क्रमांक ०१" आणि पुढे डब्ल्यूएव्हीची शेपटी, झाली २१ चिन्हं, म्हणजे तीन नोंदी. एका फोल्डरमध्ये नोंदी जास्तीत जास्त ६५,५३६, त्यामुळे अशा फाइली एकवीस हजारांवर थांबतात. इतक्या कोण ठेवतं म्हणा. खरी अडचण ही की जुनी यंत्रं देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. म्हणून यंत्रात जाणाऱ्या फाइलीला आकडे, आणि मराठी नावं घरच्या कॉम्प्युटरवर.

मॅकवरून टाकलं असेल तर प्रत्येक फाइलीशेजारी टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारं एक भूत तयार होतं. यंत्र त्यालाही गाणं किंवा गेम समजतं आणि उघडत नाही म्हणून तक्रार करतं. ती पुसून टाका, काही बिघडत नाही.

फाइलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख दिसली तर कार्ड खराब नाही, यंत्राचं घड्याळ लावलेलं नाही. फॅटचं पंचांगच तिथून सुरू होतं. मुलाखतींसाठी मला तारीख महत्त्वाची, म्हणून रेकॉर्डरची बॅटरी बदलली की आधी घड्याळ लावते.

शेवटी "इजेक्ट" करून, दिवा विझल्यावर कार्ड काढायचं. भाच्याला हे मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याने डोळे फिरवले.

त्याचं कार्ड आता असं आहे: सिस्टिम वेगळ्या छोट्या कार्डावर, कारण त्याच्या कन्सोलला दोन खाचा आहेत आणि दुसरी इतके दिवस रिकामीच होती. गेमचं नवीन कार्ड ६४ जीबी, एमबीआर, फॅट३२, ३२ केबी. सेव्ह फाइलींचा फोल्डर सेटिंगमधून याच गेमच्या कार्डावर वळवला, म्हणजे सिस्टिम पुन्हा कधी चढवावी लागली तरी सेव्ह जागेवर राहतील. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून ती कार्डाच्या डबीत घातली आहे, तारखेसकट. जुनं कार्ड मी पुसलेलं नाही. दोन आठवडे नवीन कार्डावर सगळं नीट चाललं की मग तो ते माझ्याकडून घेऊन जाईल, तोवर ते माझ्या ड्रॉवरमध्ये, लॉकची पट्टी खाली करून.